आईच्या खोलीतली मशीन

गच्चीवर सोलर बसवलं आणि दुपारची वीज उरायला लागली. भोकरदनचं ऊन, त्यात बायको आणि मी दोघंही शिक्षक, दिवसभर शाळेत. घरात एकटी आई. एका पंख्याला असून असून लागणार किती? त्या उरलेल्या विजेपायी मला बिटकॉइनच्या मशीनचा नाद लागला. ही मशीन दिवसभर नुसती आकडेमोड करत बसते आणि मोबदला म्हणून बिटकॉइनचा कणभर वाटा आपल्या खात्यात येतो, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

पण घ्यायची तर नीट पारखून घ्यायची, असं ठरवलं. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांवर आता बिटकॉइन निघत नाही, हे लवकरच कळलं. मग उरल्या दोन. एक लहान, जेवणाच्या डब्याएवढी, टेबलफॅनइतका आवाज करणारी, पण काम अगदी थोडं. दुसरी मोठी, जुनी, कुणीतरी वापरून विकायला काढलेली. तिचं काम लहानीच्या कितीतरी पट. मी वायरिंग झेपेल का पाहिलं, सोलरला ओझं पेलेल का पाहिलं, एका युनिटमागं काम किती निघतं ते पाहिलं. आवाजापुढं लिहिलं होतं, पंच्याहत्तर डेसिबल. आठवीला ध्वनीचा धडा मीच शिकवतो. तो आकडा वाचला आणि पुढं गेलो.

मोठी मशीन घेतली. ती तापते फार, म्हणून एका बाजूनं गार हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं गरम हवा बाहेर जायला हवी. समोरासमोर खिडक्या असलेली खोली घरात एकच, आईची. मी विषय काढायच्या आत तीच म्हणाली, "माझी खोली घे की मंग. पुढच्या खोलीत टाकीन मी खाट. दिवसभर घर सुनसान असतं, तेवढीच सोबत."

मी घेतली. फारसा विचारही केला नाही.

ऊन चढलं की मशीन सुरू करायची, कललं की बंद करायची, हे आईला शिकवून ठेवलं. आम्ही घरी येईस्तोवर ती बहुतेक बंद झालेली असायची. शनिवार-रविवारी ऐकू यायची, पण तेव्हा मला तिचं कौतुकच असायचं. आवाजाचा त्रास होतो का, असं आईला एकदा विचारलं. "काही न्हाई होत," म्हणाली. मला तेवढं पुरलं.

शनिवारी शाळा सकाळची. अशाच एका शनिवारी दुपारी घरी आलो, तर गल्लीच्या तोंडालाच मशीनची घरघर कानावर आली. दारात मावशीच्या चपला. मावशी कुंभार पिंपळगावची, आईची धाकटी बहीण. गुडघे दुखतात म्हणून एरवी गाव सोडत नाही. न कळवता, बस बदलत एकटी आली होती. पिशवी मांडीवरून खाली ठेवलेली नव्हती. मी उंबऱ्यातच थांबलो.

"काय चुकलं गं अक्का माझं?" मावशी म्हणत होती. "रोज दुपारी बोलायचो आपण. आता फोन उचलती, हां हां करती अन् ठिवून देती."

"आं?" आई कानामागं हात धरून म्हणाली.

"माझ्या नातवाच्या बारशात तुझ्याकडं बघायला झालं न्हाई, त्याचा राग धरला का?"

"आं? काय म्हणती?"

मावशीला वाटलं, अक्का मुद्दाम टाळून राह्यली. तिनं पदर डोळ्याला लावला. आई गडबडली. मी दारात आहे हे तिनं पाहिलं होतं. माझ्याकडं एकदा बघून ती ओरडून म्हणाली, "फोनच बिघडला माझा! ऐकूच येत न्हाई!"

मी आत जाऊन मशीन बंद केली. पंखे हळूहळू थांबले.

"फोनच बिघडला गं!" आई पुन्हा ओरडली. त्या शांत घरात तिचा आवाज इतका मोठा वाटला, की तीच चपापली.

मावशीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे कशाचं चालू होतं रे? काय दळून राह्यली ती मशीन?"

आईच म्हणाली, "पैसे निघतात तिच्यातून. सोलरवर चालती, फुकटात. लई अभ्यास करून घेतली त्यानं."

संध्याकाळपर्यंत दोघी बोलत बसल्या. कुणी मला एक शब्द वाकडा बोललं नाही. चहा द्यायला गेलो तर मावशीनं माझ्यासाठी आणलेले शेंगदाण्याचे लाडू काढले. माझ्यानं अर्ध्याच्या पुढं खाववेना.

ती गेल्यावर आईला विचारलं, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू लगेच बंद केली असती."

"केलीच असती!"

"म्हणूनच न्हाई सांगितलं. किती हौसेनं आणली होती तू."

ती मशीन मी संभाजीनगरला शेड असलेल्या एका माणसाला विकली. लहान घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराला ती चालू करायला लावली आणि तिच्याशेजारी उभा राहून आईला फोन लावला.

"ऐकू येतंय का नीट?"

"येतंय की. कुठून बोलून राह्यला? जेवला का?"

डोळे भरून आले. दुकानदार बघत होता म्हणून मी मशीनची वायर तपासत राहिलो.

आई आता पुन्हा तिच्या खोलीत असते. लहान मशीन जिन्याखाली. दुपारचे फोन सुरू झाले. पण मी घरी असलो की आई बोलता बोलता आवाज उतरवते, मला त्रास नको म्हणून. मी मुद्दाम गच्चीवर जाऊन बसतो.

परवा तिनं विचारलं, "ही बारकी बरी चालती का? निघतं का काही तिच्यातून?"

"थोडंसं."

"मंग मोठीच राहू द्यायची होती," ती म्हणाली. "मला सवय झाल्ती."

मी तिच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या आणि शाळेला निघालो.