एक झाड, एक प्रश्न

मागच्या महिन्यात यवतमाळच्या एका अभ्यासिकेतल्या पोरापोरींनी मला बोलायला बोलावलं. विषय होता वेळेचं नियोजन. आता मी वनरक्षक. माझं काम जंगलात पायी फिरणं आणि संध्याकाळी डायरी लिहिणं. भाषण हा काही माझा प्रांत नाही. पण बाभुळगावकडच्या खेड्यातली, कापूस वेचता वेचता अभ्यास करून नोकरीला लागलेली बाई म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलं होतं. गेले. वेळापत्रक भिंतीला कुठं चिकटवायचं, दोन कामं एका फेरीत कशी उरकायची, फुकट जाणारी पंधरा मिनिटं कशी धरायची, सगळं ठणकावून सांगितलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, टाळ्या वाजवल्या, शाल दिली. ती शाल मी अजून पिशवीतून काढलेली नाही, कारण मी त्यांना अर्धंच सांगितलं आणि अर्धं गिळून आले.

गिळलं ते माझ्या ताईचं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत परत आली. तिकडचं तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. माय गुडघ्यांनी बसलेली, बाबा बैलांच्या नाहीतर फवारणीच्या मागे, म्हणून घरातलं आणि वावरातलं बाईमाणसाचं सगळं काम ताईवर. बारावी झाली होती ती, आणि माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी. वनरक्षकाची भरती निघणार अशी हवा सुटली तेव्हा मी एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. ताईनं ते बराच वेळ चाळलं.

"मी बी फारम भरतो नं वं," ती म्हणाली. "वयात बसतो मी अजून. पुढचं साल शेवटचं हाये माह्यं."

मी लगेच वेळापत्रक केलं. मला वेळ वाया गेलेला खपत नाही, तेव्हाही नव्हता. लाल-निळ्या स्केचपेननं चौकोन आखले, पहाटे पळणं, मग इतिहास, मग गणित, जेवायला वीस मिनिटं. ताई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि फिसकन हसली.

"याच्यात येचणी कुठी हाये?"

वेचणी नव्हतीच त्यात. माझ्या चौकोनांत कापूस फुटतच नव्हता. मी चिडले, म्हटलं मग तूच कर वेळापत्रक. तिनं काही कागदबिगद घेतला नाही. पुस्तकाची दहा पानं टराटर फाडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू वाच, मी येचतो."

त्या हंगामात आम्ही तसाच अभ्यास केला. ताई कमरेला झोळी बांधून पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, ओळ धरायची, मी शेजारच्या ओळीतून पानं घेऊन तिच्या बरोबरीनं चालायची. नियम तिचाच होता, एक झाड, एक प्रश्न. मी प्रश्न वाचायचा, त्या झाडाचा कापूस वेचून होईस्तोवर तिनं उत्तर द्यायचं. चुकली तर मी उत्तर सांगायचं, आणि पुढच्या झाडाला तोच प्रश्न परत. दुपारून अदलाबदल. मग मी वेचायची आणि ती विचारायची, पण माझी ओळ रेंगाळली की तिला राहवायचं नाही. पानं दातात धरून माझ्या ओळीतली बोंडं तीच मोकळी करायची.

तिला पान आठवत नसे, जागा आठवे. नद्या आणि धरणं विहिरीच्या अंगाला. झाडांची शास्त्रीय नावं वावराच्या कडेच्या धुऱ्याजवळ. राज्यघटना बोरीपाशी, कारण बोरीची सावली बांधावरून आत यायची आणि तिथं आम्ही जरा टेकायचो. गणितं तेवढी ऐकून जमायची नाहीत. ती ढेकळं बाजूला सारून काडीनं मातीत करायची आणि झाल्यावर पायानं पुसायची. पहाटे पांदणीच्या वाटेनं पळायला जायचो तेव्हा ती माझ्या कितीतरी पुढं. परत फिरून यायची, माझ्याभोवती एक चक्कर मारायची आणि म्हणायची, "चाल वं माय, गाय बी तुह्यापेक्षा बरी पळते." मी जिवाच्या करारानं पळायची. तसं आता कोणी मला पळवत नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी अर्ज सुटले. मुदत सात दिवसांची. अर्ज ऑनलाइन भरायचा, तो बाभुळगावच्या केंद्रावर जाऊन. ताई पहिल्याच दिवशी म्हणाली, "उद्याच जाऊन ये नं. कायले थांबून राह्यली?"

मी माझ्या नव्या वेळापत्रकाकडं बोट केलं. बाजाराच्या दिवशी तसंही जायचंच आहे. मायची गोळ्या-औषधं, बाबांची पोती, आणि दोघींचे अर्ज, सगळं एका फेरीत. कशाला दोनदा दिवस घालवायचा? दोन दिवसांनी तिनं परत विचारलं तर मी खेकसले, "माझं ठरलेलं आहे, तू मधे बोलू नको." बाजाराचा दिवस हाच मुदतीचा शेवटचा दिवस आहे, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तसंच ठरवलं, कारण ते चौकोनात बरोबर बसत होतं.

त्याच दिवशी बाबांनी सीतादही धरलं. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभाताचा निवद दाखवतात. ते झाल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही, आणि जी बाई निवद दाखवते तिनंच पहिली झोळी भरायची. आमच्या घरी ती बाई ताईच. बोंडं फुटून लोंबत होती, आभाळ भरून येत होतं, दिवस पुढं ढकलण्यासारखा नव्हता. ताईनं तिचे कागद, फोटो, सही केलेला कोरा कागद, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून दिलं. "माह्या बी भरजो बरं," एवढं म्हणाली.

केंद्रावर ही गर्दी. माझा नंबर दुपारी आला. माझा अर्ज भरून झाला. मग ताईचा घेतला, तर केंद्रावरचा माणूस म्हणाला, यांच्या मोबाईलवर सहा आकडे आले असतील, ते सांगा. मी म्हटलं, माझ्याच नंबरवर पाठवा. तो म्हणाला, एका नंबरावर एकच अर्ज.

ताईचा मोबाईल ताईच्या कमरेला, ताई वावरात, आणि आमचं वावर टेकडीच्या खोलात. तिथं रेंज नाही हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. औषधं लक्षात होती, पोती लक्षात होती, आणि तिचा मोबाईल मागून घ्यायचं मला सुचलं नाही. वीसदा फोन लावला. मग ऑटोनं फाट्यापर्यंत, तिथून पळत वावरात. ताई मला बघून हसली, तिला वाटलं काम झालं. मी तिच्या कमरेचा मोबाईल ओढला आणि टेकडी चढले. आकडे आले, पण ते दुपारचे, आता चालणार नव्हते. मोबाईलवरूनच अर्ज भरायला बघितला तर फोटो चढेना, साइट नुसती फिरत राहिली. वावरात लावलेली बाबांची मोटारसायकल घेऊन परत बाभुळगाव गाठलं तेव्हा दिवेलागण झाली होती आणि केंद्राचं शटर पडलं होतं.

घरी आले तेव्हा ताई अंगणात दह्याचं भांडं घासत होती. मी सगळं खरं सांगितलं. तिनं भांडं विसळलं, पालथं घातलं.

"तुह्या भरला नं?"

"हो."

"झालं तं मंग," ती म्हणाली आणि बैलांना चारा टाकायला गेली.

ती भांडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच मला पळायला उठवलं. परीक्षेपर्यंत रोज पानं विचारली, माझ्या वाटच्या ओळीही तीच वेचायची. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्न वाचला की मला उत्तर नाही, आधी जागा दिसायची. विहीर, धुरा, बोर. तिथं वाकलेली ताई दिसायची आणि मग उत्तर यायचं. मला लागलेली नोकरी अर्धी तिच्या तोंडची आहे. खरं तर अर्ध्याहून जास्तच.

हे मी अभ्यासिकेत सांगितलं नाही. कसं सांगणार? वेळ वाचवायच्या नादात मी माझ्या बहिणीचं शेवटचं साल घालवलं, हे कोणत्या पोरानं वहीत लिहायचं? आणि खरं सांगते, मला काही नियोजनबियोजन नको आहे आता. मला ती पऱ्हाटीची ओळ पाहिजे, हातात फाडलेली पानं पाहिजेत, आणि मुदतीला सात दिवस बाकी पाहिजेत. पहिल्याच दिवशी जाईन मी. चालत जाईन.

गेल्या रविवारी रजा काढून गावी गेले. ताई वावरातच होती. तिनं मला झोळी दिली. आम्ही शेजारशेजारच्या ओळी धरल्या. माझे हात आता मंद झाले आहेत, बोंडाच्या टोकानं बोटं सोलून निघाली. ताईच्या केसांत पांढरं आलंय, पण हात तेच. ती माझ्यासाठी थांबत, माझी चार झाडं मोकळी करत, पुढं चालली होती. बोरीपाशी आलो आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ताई, सरकारी नोकरीत सगळ्यांना सारखी संधी, ते कोणतं कलम गं?"

मला खरंच आठवत नव्हतं. जागा तेवढी आठवत होती. विचारून झाल्यावर मी काय विचारलं ते माझं मलाच ऐकू आलं.

"सोळा," ताई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "दुसरा इचार."

मी पऱ्हाटीत वाकले. ती पानं माझ्याजवळ नव्हती. नोकरी लागली त्याच महिन्यात मी ती रद्दीत घातली होती, जागा अडते म्हणून. एक झाड गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. ताईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"इचार नं वं," ती म्हणाली. "मले आता कुठी जा लागते?"