हिरव्या-पांढऱ्या मफलरचा लाल काठ

गेल्या जुलैतल्या त्या रविवारी तुमच्या घरी काय झालं, ते तुम्हा दोघी नातींना माहीत आहे. शिरूरला माझ्या घरी काय झालं, ते मी कधी सांगितलं नाही. फोनवर सांगायला बसले की घाई होते. म्हणून लिहून ठेवते.

तुमच्या बाबांना शिक्रापूरच्या कारखान्याने अर्जेंटिनाला पाठवलं, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. थोरलीला तिथल्या गावातल्या फुटबॉल क्लबचं सभासदाचं कार्ड नुकतंच मिळालं होतं. ते तिने मला फोनवर दाखवलं, पासपोर्टसुद्धा कुणी धरणार नाही इतकं जपून धरून. नव्या शाळेत पहिलं वर्षभर ती एकटी डबा खायची, हे मला तिच्या आईकडून कळलं होतं. क्लबमुळे तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, ओरडायला एक जागा मिळाली होती. मला बरं वाटलं. विणायला घेतलं.

तुमच्याकडे जुलैत कडाक्याची थंडी, म्हणून मफलर. क्लबचे रंग हिरवा आणि पांढरा. चार बोटं हिरवं, चार बोटं पांढरं, अशी पावणेदोन मीटर लांबी. विणून झाला, पलंगावर अंथरला आणि काहीतरी अपुरं वाटलं. आपल्या डोळ्यांना काठाची सवय. साडी असो, उपरणं असो, शालही असो, काठ नसला की आम्हा बायकांना ते कापड मधेच सोडून दिल्यासारखं दिसतं. पेटीत लाल लोकर होती. दोन्ही लांब कडांचे टाके उचलून मी बोटभर लाल काठ विणला. तुमचे आजोबा रेल्वेत गार्ड होते, दौंडच्या क्वार्टरमध्ये आमची तीस वर्षं गेली, घरात हिरवं आणि लाल निशाण कायम एकाच कोपऱ्यात उभं. ते दोन रंग एकत्र मला कधी खटकले नाहीत.

त्या रविवारी थोरली क्लबचा सामना बघायला जाणार होती. पार्सलवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सामन्याच्या दिवशीच उघडावे.’ शिस्त म्हणून. आणि थोडी गंमत म्हणून.

पार्सल गुरुवारी पोहोचलं. शनिवारी थोरलीने शाळेसाठी लिहिलेला इंग्रजी निबंध माझ्या फोनवर पाठवला, तपासायला. विषय होता तिचा क्लब. फोनवर मला वाचवत नाही, म्हणून बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला आणि रविवारी उपासनेहून आल्यावर, साडेदहाच्या सुमारास, चहा आणि पेन्सिल घेऊन बसले.

निबंध चांगला होता. रेल्वे बांधणाऱ्या इंग्रज साहेबांचा आपला वेगळा क्लब होता, तिथे रेल्वेच्या कारखान्यातल्या मजुरांना फक्त गवत कापायला प्रवेश. म्हणून मजुरांनी पाण्याच्या टाकीपलीकडे स्वतःचं मैदान केलं. रेल्वेच्या डब्यांना द्यायचा हिरवा रंग उरलेला असायचा, त्याने गोलचे खांब रंगवले आणि पांढऱ्या सदऱ्यांवर पट्टे ओढले. पहिल्या सामन्यात रंग ओला होता, दोन्ही संघ हिरवे होऊन घरी गेले. इथे मी हसले. तिने सगळीकडे ‘आपण मैदान केलं’, ‘आपण खांब रंगवले’ असं लिहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना ‘आपण’ कसं म्हणायचं? मी दोन ठिकाणी खोडून ‘त्यांनी’ केलं.

तिसऱ्या पानावर संप आला. निम्मे मजूर लवकर कामावर परतले, निम्मे उपाशी राहिले पण हटले नाहीत. त्या दुसऱ्या निम्म्यांनी क्लब सोडला, रुळांच्या पलीकडे जाऊन आपला वेगळा क्लब काढला. नव्या सदऱ्यांना पैसे नव्हते, म्हणून त्यांच्या बायकांनी त्याच जुन्या हिरव्या-पांढऱ्या सदऱ्यांच्या कडेला लाल पट्टी शिवली.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुढचं वाचलं. तेव्हापासून रुळांच्या अलीकडे कुणी लाल घालत नाही, मैदानाशेजारच्या गल्लीत नाताळबाबाचा झगासुद्धा हिरवा असतो.

आणि आजचा सामना त्या पलीकडच्यांशीच होता.

तुमच्या बाबांनी आदल्या आठवड्यातच मला धीर दिला होता, ‘आई, काळजी करू नकोस. पाहुण्या संघाच्या लोकांना इथे मैदानात येऊच देत नाहीत. सगळे आपलेच.’ आता तेच आठवून मी कप खाली ठेवला. सगळ्या मैदानात लाल काठाची एकच मुलगी असणार होती, तीही वेगळ्या कातडीची, वेगळ्या देशाची.

तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन. फोन लावला. कुणी उचलला नाही. निरोप टाकला. पुन्हा टाकला. दौंडच्या रेल्वे ग्राउंडवरचे सामने मला आठवत होते. लोको शेडच्या पोरांनी गोल केला की आमच्या गार्डांच्या ओळीतल्या बायका शेडवाल्यांच्या बायकांशी नळावर आठ-आठ दिवस बोलत नसत. एकदा तर साखरपुडा लांबला होता. आणि तिथे सगळे एकमेकांना ओळखत होते.

दुपारी शेजारची बाई कोथिंबीर द्यायला आली. ती नगरपालिकेत काम करते, तिची मुलगी शाळेत माझ्या हाताखाली शिकली, म्हणून मला बाई म्हणते.

“बाई, त्वांड का उतरलंय? जेवला न्हाई का?”

मी सांगितलं.

“आवो, लाल काठ लावला म्हून कोण काय करतंय व्हय लेकराला?” ती हसली. मग माझ्या समोर खुर्चीवर बसली आणि तिचं हसू गेलं. “माझ्या म्हायेरी न्हाई का, घरावर कंचा झेंडा हाय ते बघून मानसं पानी मागत्यात. मी शाळंत निळी रिबीन लावली तर पोरी म्हनायच्या, कळलं, कळलं तू कुठली.” फोन माझ्याकडे सरकवून म्हणाली, “लावा फोन. उठवा त्यांला.”

“रात्र आहे तिथे.”

“मग असू द्या की! तुमचंच तर पोरगं हाय.”

साडेचारला तुमचे आठ वाजले. तेव्हापासून मी दर दोन मिनिटांनी लावत होते. सामना तुमच्या अकराला, घरातून निघणार दहाला, म्हणजे माझ्या साडेसहाला. पावणेसहा होऊन गेले तेव्हा थोरलीनेच उचलला. मागे बाबा म्हणत होते, “अगं, फोन सायलेंटवर होता, आईचे चाळीस कॉल आहेत!”

“आजी, आत्ताच उघडलं,” थोरली म्हणाली. मफलर तिच्या मांडीवर होता. गळ्यात नव्हता. “खूप छान आहे.”

तिचा आवाज अगदी गुळगुळीत होता, पाहुण्यांसमोर काढतो तसा. तिला उघडल्या उघडल्या लाल काठ दिसला होता, आणि ती मला कळू देणार नव्हती.

“निबंध वाचला मी,” मी म्हणाले. “कात्री आण.”

तिचे डोळे एकदम भरले. धाकटी मधे डोकावली, “आजी, तू त्या पलीकडच्यांची आहेस का?”

“गप गं,” थोरली म्हणाली.

तुमच्या बाबांनी फोन हातात घेतला. “आई, कशाला आता धावपळ? हा घरी राहू दे. पुढच्या वेळी घालेल.”

मला तेच हवं होतं. खरं सांगते, मी सुटकेचा श्वास टाकला. पण थोरलीने मान हलवली. “मी मैत्रिणींना सांगितलंय, आजी पाठवणार आहे म्हणून. मी हाच घालणार.”

लाल काठ उसवायला अवघड नव्हता, शेवटची गाठ सापडली की धागा ओढायचा, सगळं सरसर येतं. पण गाठ कुणाला सापडू नये अशी दडवायची मला जन्मभराची सवय. मीच ती फोनवर शोधत बसले. “जवळ धर. अजून जवळ. हलवू नकोस.” पहिली सापडली. एक बाजू मोकळी झाली. दुसऱ्या बाजूला घाईत तिने भलताच धागा कापला, आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरव्यातले सहा-सात टाके खाली पळाले.

“आजी!”

“ओढू नकोस. कुठेच ओढू नकोस. केसातली पिन काढ.”

पिनेत टाके ओवून धरायला मी सांगितलं. तिने एकेक करून ते ओवायला घेतले. खाली तिच्या मैत्रिणींनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. शेवटी तिने पिनेसकट मफलर गळ्याला गुंडाळला, पिनेची बाजू आत घेतली, आणि “येते आजी” म्हणून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि जमिनीवर लाल लोकरीचा गुंता राहिला. मग धाकटीने फोन बंद केला.

दुसऱ्या बाजूचा वीतभर काठ अजून उसवायचा राहिला होता. ते मला फोन बंद झाल्यावर आठवलं.

साडेसात ते साडेनऊ मी काय केलं ते विचारू नका. शेजारची बाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी ती स्वतःच आपल्या मुलाच्या फोनवर स्कोअर बघून आली होती. म्हणाली, “हरत्यात वाटतं तुमची पोरं.”

पावणेदहाला थोरलीचा फोन आला. आवाज पार बसलेला. “हरलो, आजी. शेवटच्या मिनिटाला.”

“कुणी काही बोललं?”

“रेफ्रीला?”

“तुला! मफलरला!”

“पुढच्या ओळीतल्या एका आजींनी बघितलं. तो राहिलेला तुकडा. त्यांनी काही न बोलता तो माझ्या कॉलरमध्ये खुपसला. मग गोल झाल्यावर मी रडायला लागले, तर त्याच मफलरने त्यांनी माझं नाक पुसलं.”

“टाके टिकले का?” मी विचारलं.

“नाही. कडा वळून वळून त्याची दोरी झालीय. पण मी तो गळ्यातच ठेवलाय. बाबा म्हणतायत काढ, धुवायला टाक.”

“टाकू नकोस धुवायला. सगळा उसवेल.”

“मग?”

“मग मी दुसरा विणते,” मी म्हणाले. “पण आधी मला यादी पाठव. तुमच्याकडे कुठले कुठले रंग चालत नाहीत, एकेक करून लिही. का चालत नाहीत तेही लिही.”

यादी सोमवारी सकाळी आली. दीड पान होती. मी ती दोनदा वाचली, शेजारच्या बाईलाही वाचून दाखवली, आणि लोकर घ्यायला गेले तेव्हा पर्समध्ये घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, “काठाला काय देऊ?” मी कागद उघडून पुन्हा एकदा बघितला, आणि तरीही, पांढरं सांगताना, मला खात्री नव्हती.