डब्याला तोंड न लावणारी

लेकीनं मांजर आणून दिली तेव्हा सोबत एक खोकंही दिलं. त्यात मांजरीच्या जेवणाचे छोटे छोटे सीलबंद डबे होते. काही कोंबडीचे, काही माशांचे. उमरग्यापासून समुद्र किती लांब, हे पोरांना भूगोल शिकवून शिकवून मला पाठ आहे, त्यामुळं इथवर आलेल्या मासळीचं मांजरीला अप्रूप वाटेल असं मी धरून चाललो. तिला वाटलं नाही.

लेक पुण्याला नोकरी करते. कंपनी तिला महिनाभर परदेशी पाठवत होती. निघताना ती म्हणाली, "बाबा, ही तुमच्याकडं नीट जेवली तर इथंच ठेवते, कायमची. मला एकटीला आता होत नाही. नाही जेवली तर माझी मैत्रीण न्यायला तयार आहे." आणि रोज संध्याकाळी वाटीचा फोटो पाठवायचा, असा हुकूम.

मला मांजर हवी होती. हे मी कुणाला बोललो नाही, कारण या वयात मांजर हवी म्हणणं बरं दिसत नाही. पण पहिल्याच सकाळी ती माझ्या पेपरावर येऊन बसली, नेमकी अग्रलेखावर. इतकी वर्षं मास्तरकी केली, आपणहून इतकं जवळ कुणी बसलं नव्हतं.

बायको माळकरी. तिनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की डबा स्वयंपाकघरात येणार नाही, फ्रिजात तर नाहीच, आणि मांजराचं काही मला सांगायचं नाही. म्हणून मी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर बसून डबा उघडायचो आणि नंतर साबणानं तीनदा हात धुवायचो. मांजर यायची, वाटीचा वास घ्यायची. शाळेतल्या खिचडीकडं साहेब तपासणीला आल्यावर जसं बघतात, तसं माझ्याकडं बघायची. मग पुढच्या पायानं वाटीभोवतीची फरशी खरवडायची. मांजर आपली घाण झाकते ना, तशी.

मी हरलो नाही. डबा उन्हात ठेवून कोमट केला. स्टीलची वाटी बदलून मातीचं वाडगं आणलं. कोंबडीत मासा मिसळला. शेवटी एकदा वर चिमूटभर येसर भुरभुरला. आमच्याकडं कालवणाला चव नसली की येसरच घालतात, आणि येसरानं बिघडलेलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. मांजर सलग सहा वेळा शिंकली आणि दुपारपर्यंत पेपराकडं फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी मी ते केलं. वाटी भिंतीपलीकडं पालथी केली, तिथल्या कुत्र्याचं भलं झालं, आणि रिकाम्या वाटीचा फोटो लेकीला पाठवला. तिकडून लाल बदाम आला. मग रोजचंच झालं.

पण जीव खालीवर होत होता. उपाशी मेली तर? जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हशींचे. त्यांनी सवयीनं विचारलं, "दूध कधीपासून कमी झालंय?" मी पिशवीचं तोंड उघडून मांजर दाखवली. त्यांनी ती काट्यावर ठेवली, लेकीनं दिलेल्या कागदावरचं वजन बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही तर भरलीया. उपाशी कोण हाय म्हणता?"

हवा खाऊन भरली असेल, असं मानून मी घरी आलो. त्याच सुमारास बायकोनं माझा चहा बिनदुधाचा केला होता. शुगरला बरा असतो म्हणाली. माझ्या तब्येतीची तिला इतकी काळजी, या विचारानं मी तो काळा चहा भरल्या मनानं पीत होतो.

आमच्या घरात तव्यावरची पहिली भाकरी गायीची. आमची गाय केव्हाच शेताबरोबर गावाकडं भावाच्या वाटणीला गेली, पण भाकरी राहिली. शेजारच्या मावशींची गाय रोज सकाळी फाटकाशी येते आणि ती भाकरी खाऊन जाते. लग्न होऊन आल्यापासून बायकोनं यात खाडा केलेला नाही. एका सकाळी मावशींनी मला फाटकात गाठलं.

"गुरुजी, माझ्या गायीनं काय केलं वो तुमचं? आठ दिस झालं, नुसतीच माघारी येतीया."

मी तसाच, हातात मांजरीचा डबा घेऊन, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. माळ घातलेली माझी बायको फरशीवर बसली होती. ताटलीत दूध, वर साय, आणि त्यात ती गायीची भाकरी बोटांनी कुस्करत होती. समोर मांजर, डोळे मिटून, घशातून गुरगुरत.

"खा माय," बायको तिला म्हणत होती. "डब्यातलं ते कुणी खावं? त्यांनीच खावं."

या आवाजात ती माझ्याशी शेवटचं कधी बोलली, ते मला आठवेना.

"गायीची भाकरी?" मी विचारलं.

ती दचकलीसुद्धा नाही. "गाय चार घरं फिरती. हिला कोण हाय?"

"मी आहे की."

तिनं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं आणि पुन्हा भाकरी कुस्करायला लागली. चहातलं दूध कुठं गेलं, हे मी विचारलंच नाही. ते समोर दिसत होतं.

महिन्यानं लेक आली. मी ठरवून ठेवलं होतं, आईचं नाव सांगायचं नाही, रिकाम्या वाट्यांचं श्रेय गप घ्यायचं. मांजर राहणं महत्त्वाचं. लेकीनं मोबाइल काढला. दुसऱ्या दिवसापासूनचे व्हिडिओ होते, आईनं रोज पाठवलेले. मांजर भाकरी खातेय, मांजर मिशा पुसतेय. एका व्हिडिओत मांजरीच्या मागं, उघड्या दारातून, अंगण दिसत होतं. तिथं एक टक्कल पडलेला माणूस इकडंतिकडं बघून वाटी भिंतीपलीकडं ओततो आणि मग वाकून, नीट उजेड साधून, तिचा फोटो काढतो.

"हा तर मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलाय," लेक म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग डोळे पुसत म्हणाली, "मांजर राहू दे इथंच. पण आईकडं."

एकाच छपराखाली राहतो आम्ही. तरी पण आईकडं.

आता घरात एक भाकरी जास्तीची होते. पहिली मांजरीची, दुसरी गायीची. गायीला द्यायचं काम माझ्याकडं आलंय. गाय भाकरी घेते, पण बघते माझ्या खांद्यावरून आत. मांजर अजूनही अग्रलेखावर बसते, आतून भाकरी थापल्याचा आवाज येईपर्यंत.

परवा खोक्यातला एक डबा उघडून बघितला, सवयीनं. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, फरशी खरवडली. मी वाटी भिंतीपलीकडं ओतली. फोटो काढला नाही.