पाणी न पिणारा टॉवेल

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं शिकावं तरी किती, यालाही काही धरबंध हवा. आधी चहा घ्या. ऐकता ऐकता सांडला तरी काळजी करू नका, डाग न पडणारं कापड बनवणं हाच माझा धंदा आहे. निदान पगार तरी मला त्याचाच मिळतो.

मी रसायनशास्त्रातला डॉक्टर. पॉलिमर आणि नॅनो-कण हा माझा विषय. नॅनो म्हणजे इतकं बारीक की डोळ्याला दिसतच नाही. त्यामुळे मी दिवसभर नेमकं काय करतो, हे माझ्या सासरी कुणालाच कधी कळलं नाही. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आमची छोटी प्रयोगशाळा आहे. वाळूच्या जातीचे अतिबारीक कण पॉलिमरच्या डिंकानं सोलापुरी चादरीच्या धाग्यांवर असे चिकटवायचे, की चहा पडो, आमटी पडो, अळूच्या पानावरून ओघळावं तसं सगळं ओघळून गेलं पाहिजे.

कल्पना झकास होती. पहिल्या दिवशी चादरीवर पाण्याचा थेंब असा टचटचीत उभा राहायचा की बघत बसावं. पण चार वेळा धुतली की लेप पाण्याबरोबर मोरीत. दोन वर्षं आम्ही हेच करत होतो. लावायचं, धुवायचं, हळहळायचं.

शेवटी कंपनीचे मालक कंटाळले. म्हणाले, "दिवाळीपर्यंत धुण्यात टिकणारा एक तरी तुकडा दाखवा. नाहीतर इथं पॅकिंग विभाग काढतो."

ते गेल्यावर मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, मला पॅकिंग येत नाही. तुम्हाला येतं?"

मला तर घरात साधी पुडीही नीट बांधता येत नाही.

त्याच सुमाराला अधिक महिना आला. अधिकात जावई म्हणजे साक्षात देव, हे तुम्हाला माहीतच आहे. मैंदर्गीला सासरी धोंड्याचं जेवण झालं, आणि सासऱ्यांनी मला टोपी घालून खांद्यावर नवाकोरा टॉवेल ठेवला. पांढरा, निळ्या काठाचा. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, बायको अप्पा.

मामा म्हणाले, "जावयबापू, दोस्ताच्या दुकानातनं आणलाय, सोलापुरातनं. खात्रीचा माल. म्हस पुसली तरी कोरडी हुईल."

एवढी खात्री तर माझ्या प्रबंधालाही कुणी दिली नव्हती.

तो टॉवेल मी चिंचोळीला नेऊ लागलो. सोलापूरच्या उन्हात दुचाकीवर डोक्याला काहीतरी बांधावंच लागतं. एका शनिवारी काय झालं, लेपाच्या द्रावणाचं भांडं माझ्या हातून कलंडलं. द्रावण महाग, मॅडम शेजारच्या खोलीत, आणि आधीच्याच आठवड्यात नासाडीवरून त्यांचं प्रवचन ऐकलेलं. मी हाताला आला तो टॉवेल घेतला, टेबल पुसलं, आणि ओला टॉवेल चालू ओव्हनमध्ये मागच्या बाजूला ढकलून दिला. वाळेल म्हटलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला, भाजी आणायला निघालो, आणि टॉवेल डोक्यातून गेला. सोमवारी मॅडम यायच्या आत काढला आणि गुपचूप घरी नेऊन धुण्यात टाकला.

एवढं तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पुढच्या आंघोळीला तोच टॉवेल घेतला. पाठ पुसली, तर पाणी पोटावर आलं. पोट पुसलं, तर पाठीवर गेलं. पाणी अंगभर हिंडत होतं, जात कुठंच नव्हतं. मी शर्ट तसाच चिकटवून कामाला गेलो.

नवा टॉवेल पाणी पीत नाही, हे लहान मूलही सांगेल. खळ असते, दोन धुण्यांत जाते. वैशालीनं, म्हणजे बायकोनं, तो धुतला. पुन्हा धुतला. धुण्याच्या सोड्यात भिजवला, दगडावर आपटला, ब्रशनं घासला. टॉवेल आपला जसाच्या तसा.

मी चक्रावलो. वाटलं, आपलं साठवलेलं पाणी जड असेल. पाणी बदललं. साबण असेल, साबण बदलला. मग वाटलं, आपल्याच कातडीला वयानं काही झालं की काय. भिंग घेऊन दंड तपासत बसलो होतो, तेव्हा वैशाली दारात उभी.

"काय शोधताय?"

"काही नाही. मला वाटतं त्या दुकानदारानं मामांना फसवलं. मेणाची खळ मारलीय टॉवेलाला."

"म्हणजे अप्पांनी हलका आहेर केला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"असं कुठं म्हणालो मी?"

"तोंडानं नाही म्हणालात, भिंगानं म्हणालात की."

मी दिवसा चिंचोळीत धुण्यात लेप का टिकत नाही म्हणून डोकं धरून बसायचो, आणि सकाळी घरी धुण्यात खळ का जात नाही म्हणून. या दोन गोष्टी एकमेकींना भेटवाव्यात, असं माझ्या पीएच.डी.च्या डोक्यात एकदाही आलं नाही.

तशात मामा कामासाठी सोलापूरला आले. वैशालीनं काय करावं? वडिलांच्या आहेरात खोट नाही हे मला दाखवायला तोच टॉवेल त्यांच्या हातात दिला. मामा आत गेले. बराच वेळ झाला, बाहेर येईनात. शेवटी दार किलकिलं झालं.

"जावयबापू, मगापासनं पुसतोय मी. पन कोरडं हुईना की."

दाढीवरून पाणी ठिबकत होतं. तोंडावरचा गोंधळ बघून मला माझाच चेहरा आठवला.

मामा चहाही न घेता टॉवेल बगलेत मारून दोस्ताच्या दुकानात गेले. परत आले ते पार उतरलेल्या चेहऱ्यानं. दोस्तानं त्याच गठ्ठ्यातला दुसरा टॉवेल बादलीत टाकून दाखवला होता. बुडकन पाणी प्यायला. वर म्हणाला, "माल चोख हाय. तुझ्या जावयाच्या घरातच कायतरी हाय."

मामा जेवायलाही बसेनात. म्हणाले, "लेकीच्या घरी खोटा आहेर दिला म्हनतील. अधिकातलं दान हाय त्ये. दोस्तीबी गेली, मानबी गेला."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. त्या माणसानं हौसेनं दिलेलं, आणि मी भिंग घेऊन बसलो. मी उठलो आणि म्हणालो, "मामा, हा माझा विषय आहे. रविवारपर्यंत थांबा."

शनिवारी प्रयोगशाळेतून थोडा कॉस्टिक सोडा आणला. रविवारी गच्चीवर शेगडी मांडली, मोठं पातेलं चढवलं, हातमोजे घातले, डोळ्यांना चष्मा लावला. टॉवेलाचं एक टोक चिमट्यानं पातेल्याच्या काठाला अडकवलं, म्हणजे ढवळताना धरायला बरं. मामा खुर्ची टाकून समोर, वैशाली त्यांच्या मागं. कितीतरी वर्षांनी सासरचे लोक माझं काम बघत होते. मी जरा जास्तच ढवळलं.

भरपूर उकळून झाल्यावर खळखळून विसळला आणि बादलीत सोडला. दगडासारखा तळाला गेला. मामांनी पिळून तोंडाला लावला. तोंड कोरडं, आणि डोळे मात्र ओले.

"व्हय की! म्हस कोरडी हुईल आता."

मग त्यांनी दोस्ताला फोन लावून हसत हसत शिव्या घातल्या. वैशालीनं मला विचारून पुरणपोळी केली. मला वाटलं, शिक्षणाचं सोनं झालं.

सोमवारी चहाला बसल्यावर मॅडमना ही कथा अगदी रंगवून सांगितली. आधी त्या हसत होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"किती वेळा धुतला होता?"

"रोजच की. सोडा, ब्रश, दगड, काही ठेवलं नाही."

"आणि तरी थेंब उभा?"

"टचटचीत."

"डॉक्टर, तो टॉवेल आपल्या इथं कधी आला होता?"

मी तोंड उघडलं, आणि माझी नजर ओव्हनकडे गेली. ओव्हन आपला मंद आवाजात चालू होता.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "कॉस्टिक सोडा आपल्या लेपाचं काय करतो?"

"विरघळवून टाकतो," मी म्हणालो. तोंडी परीक्षेत इतकं झटपट उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

मॅडमच्या गाडीतून आम्ही तसेच घरी पोचलो. वैशाली त्याच टॉवेलानं ओटा पुसत होती. "आता लई भारी पुसतोय बघा," ती कौतुकानं म्हणाली. मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. सगळा ओला, पाणी पिऊन तट्ट. फक्त चिमट्यात अडकून पातेल्याबाहेर राहिलेलं टोक, तळहाताएवढं, ठणठणीत कोरडं. मी त्याच्यावर एक थेंब सोडला. थेंब उभा राहिला, त्यानं आमच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि तो घरंगळून गेला.

"कात्री आहे?" मॅडमनी विचारलं. वैशालीला आमच्यापैकी नेमकं कोण बिघडलंय ते कळेना, पण तिनं कात्री दिली.

ते टोक मालकांना दाखवलं. त्यांनी स्वतः त्याच्यावर चहा ओतला, घरी नेऊन धुतलं, पुन्हा चहा ओतला. आणि आम्हाला वर्षभराची मुदत दिली. पॅकिंग टळलं.

अडचण एवढीच, की तसा दुसरा तुकडा अजून झालेला नाही. द्रावण कोणत्या मिश्रणाचं होतं, ओव्हन किती तापलेला होता, मला काही सांगता येत नाही. नासाडी लपवायची होती ना, मग लिहिणार कोण? मॅडमच्या देखरेखीखाली मी हल्ली दर शनिवारी द्रावण सांडतो, टॉवेलानं पुसतो, ओव्हनमध्ये ढकलतो आणि भाजी आणायला जातो. पण विसरणं काही ठरवून जमत नाही.

गेल्या आठवड्यात मामा मैंदर्गीहून आले, ते भलं मोठं गाठोडं घेऊन. सोडलं, तर आत सगळ्या भावकीचे नवेकोरे टॉवेल.

"जावयबापू, गावात समद्यांस्नी सांगितलंय मी. आमचे जावई टॉवेलाला पानी प्यायला शिकवत्यात. लोक इचारायचे, येवढं शिकून करत्यात तरी काय? आज सांगायला झालं."

मग आपला निळ्या काठाचा टॉवेल दिसला, तसे थबकले. "ह्याचं टोक कुनी कापलं?"

मी काही बोलायच्या आत वैशाली म्हणाली, "अप्पा, तेवढंच त्यांना जमलंय आतापर्यंत. कपाटात कुलपात ठेवलंय कंपनीनं."

मामांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. मी गच्चीवर जाऊन पातेलं चढवलं. कापडानं पाणी पिऊ नये म्हणून चिंचोळीत मला पगार मिळतो, आणि त्याला पाणी पाजतो म्हणून मैंदर्गीत मान. या दोन्हींतलं मला खरंच येतं ते फक्त दुसरं.