आई बोलते, गाडी चालते : देऊळगाव राजा ते संग्रामपूर आणि परत

आमची आई साठीत गाडी शिकली. लायसन्सही काढलं. आणि बाबांनी चावी द्यायला साफ नकार दिला.

"आयुष्यभर डावीकडून हिची कटकट ऐकली, आता उजवीकडून ऐकू?" बाबा फोनवर कडाडले. मी पुण्यात कांदा चिरत होते. हसण्याच्या नादात बोटच चिरायचं बाकी होतं.

तर भांडण असं. आईचं माहेर संग्रामपूरकडचं. तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, तिथंच असते. तिला भेटावंसं वाटलं की बाबांचा मूड बघायचा, तो नसला की बस बघायची. आईला मनात आलं की उठून जाता यायला हवं होतं, बस्स. शेवटी दोघांत तह झाला. देऊळगाव राजा ते संग्रामपूर, जाऊन-येऊन आई चालवणार. बाबांनी मागून "ब्रेक मार", "काढ पुढं" असं एकदा जरी सांगितलं तर चावी आईची. आईनं एकदा जरी "आता काय करू?" असं विचारलं तर चावी बाबांची आणि विषय कायमचा बंद. पंच म्हणून मला बोलावलं. मावशीकडे शेतात भरीत पार्टी होती, आणि भरितासाठी मी कुठंही पंचगिरी करते.

(कुणाला जायचं असेल तर : जालन्याहून देऊळगाव राजाला बस भरपूर आहेत. पुढे चिखली, बुलढाणा, राजूर घाट, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद आणि मग संग्रामपूर. चहापाणी धरून चार-साडेचार तास. हिवाळ्यातच जा, वांगी तेव्हाच खरी.)

सकाळी सातला बालाजीचं दर्शन घेतलं. बाबांनी नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं मिरच्या टांगल्या. "आता काय बी होत नाही," म्हणाले.

"आरसे तं लावू द्या आधी," आई म्हणाली.

गावाबाहेर पडलो आणि आई बोलायला लागली. कुणाशी नाही, अशीच, समोर बघत. "टॅक्टर. सोयाबीनची पोती हायेत. मांगून मोटरसायकल येऊन राह्यली, तिले लय घाई. जा बापू, जा. डाव्या अंगानं शेळ्या. त्यातली काळी काही साधी दिसत नाही."

मी शेजारच्या सीटवरून तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. माहेरच्या दिशेला गाडी लागली की आईचं वऱ्हाडी असंही दाट होतं, पण हे भलतंच होतं. मग कळलं, तिच्या ड्रायव्हिंग क्लासच्या रशीद सरांचा हा नियमच. जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. सर म्हणायचे, "आंख देखती, मगर दिमाग बाजार में फिरता. बोलो, तो दिमाग गाडी में वापस आता." खरंच आहे हो. आपण गाडी चालवताना मनात काय काय चालू असतं! साहेबाला द्यायचं उत्तर, गॅसचा नंबर, जावेचा टोमणा. रस्ता असतो आपला समोर, बिचारा.

मागं बाबांनी मौनव्रत धरलं होतं, पण खोकला सुरू झाला. बस आली की खोकला, गाय आली की दोनदा खोकला. त्यांचा उजवा पाय तर सारखा फरशीवर ब्रेक दाबत होता. मी पंच म्हणून निकाल दिला की खोकला ही सूचना धरता येत नाही. तेवढ्यात एका लुनावर भाजीची टोपली बांधलेला माणूस आम्हाला मागं टाकून गेला आणि बाबांचा चेहरा पडला. "भाजीवाला गेला पुढं," ते म्हणाले. "ही सूचना नाही, बातमी आहे." माणसाचं डोकं कसं असतं बघा. आयुष्यात कितीतरी लोक आपल्या पुढं जातात, आपण पेढे मागतो. रस्त्यावर एक लुना गेली की लगेच खानदानाची अब्रू.

चिखलीत पोहे आणि चहा. तिघांचं दीडशेच्या आत भागलं, पोह्यांवर तर्री वेगळी मागून घ्या. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी होती, तरी बाबांनी मला विचारलं, काय काय आहे गं. चष्मा धूळ खाल्लेला दिसतोय म्हणाले.

बुलढाण्यापर्यंत रस्ता छान. पुढं राजूर घाट उतरताना आमच्यापुढं ट्रक लागला, कापसाच्या गाठी भरलेला. वळणाआधी ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून "जा, जा" केलं. आपल्याकडची ही जुनी रीत, पुढच्यानं हात केला की मागच्यानं निघायचं. आईनं गाडी बाजूला काढली नाही, तशीच त्याच्या मागं राहिली.

"अगं काढ ना पुढं! साइड देतोय तो!"

"बाबा आउट!" मी ओरडले.

आईचं लक्षच नव्हतं. "त्याले दिसते," ती म्हणाली. "मले दिसते का?"

वळण संपलं. समोर रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही. बाबा खूश. "बघ! काही नव्हतं!"

"नव्हतं, हे आता समजलं," आई म्हणाली आणि आरसा बघून, सिग्नल देऊन पुढं निघाली.

बाबांनी अर्थात निकाल मानला नाही. जाताना रंगीत तालीम असते, खरी मॅच येताना, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. आई हसली, म्हणाली, "चालते." मग पंचाचं कोण ऐकतं?

मोताळ्यात आठवडी बाजार भरला होता. त्या दिवशी जाणार असाल तर अर्धा तास जास्तीचा धरा. वांग्यांचे ढीग, गूळ, दोर, कोंबड्या, आणि मधोमध गप्पा मारणारे लोक, जे हॉर्नला दाद देत नाहीत. आईनं हॉर्न वाजवलाच नाही, काच खाली करून म्हणाली, "भाऊ, जरासं." लोक सरकले. पुण्यात हा प्रयोग मी करून बघणार नाही. नांदुऱ्यात हायवे ओलांडून कचोरी खाल्ली, पूर्णेचा पूल ओलांडला आणि सातपुडा निळा दिसायला लागला. आईनं तोही बोलून दाखवला. "डोंगर. माहा डोंगर."

मावशी बांधावरच उभी होती. "माय वो बाई! तू चालवत आनली? आन भाऊजी मांगं?" तिनं आईच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, त्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मुळा, कांद्याची पात. मी किती खाल्लं ते लिहीत नाही, घरचे वाचतात हा ब्लॉग.

निघताना मावशीनं मागच्या सीटवर वांग्यांचं पोतं टाकलं. बाबांच्या गुडघ्यांना जागा उरेना. मग ते पुढं, आईशेजारी, आणि मी वांग्यांशेजारी.

"समोर बसले तं बोला लागते," आई म्हणाली. "पन काय करू ते नाई सांगायचं. काय दिसते ते सांगा."

बाबांना तर हेच हवं होतं. कीर्तनकारासारखा आवाज लावला. "ट्रक! पिंपळ! मारुतीचं देऊळ! एस.टी.! लग्नाची कमान!" मोताळ्यापर्यंत असा दणका. मी मागून दाद देत होते.

घाट चढायला लागलो तेव्हा दिवस मावळला होता. वरून गाड्या दिवे लावून उतरत होत्या.

"समोर उजेड," बाबा म्हणाले.

"उजेडाच्या अलीकडं?" आईनं विचारलं. गाडी तिनं आधीच हळू केली होती.

"उजेड."

"त्याच्या डाव्या अंगाले?"

बाबा पुढं वाकले. काच पुसली. चष्मा पुसला. "उजेडच आहे गं."

मला मागून, पोत्यावरून, स्वच्छ दिसत होती. कडब्यानं भरलेली बैलगाडी, दिवा नाही काही नाही, आमच्याच बाजूनं चढत होती. आई तिच्या मागं थांबल्यासारखी चालत राहिली, समोरचा उजेड जाऊ दिला आणि मग लांबून वळसा घेतला. बैल बाबांच्या खिडकीशी आले तेव्हा ते दचकले.

"अरे! गाडी होती का इथं?"

याच घाटातून, याच वेळेला, ते किती वेळा एकटे आलेत. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आईनं हळू आवाजात पुन्हा सुरू केलं. "वळन. दगड. माकडं, कठड्यावर. सायकलवाला." घाट संपेपर्यंत ती त्यांच्यासाठी बोलत होती.

बुलढाण्यात चहाला थांबलो. बाबांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"दोन सालापासून," आई म्हणाली. "'अवो गाय, अवो सायकल', डाव्या अंगानं बोलतच होती ना मी. तुमी म्हनत, कटकट करते. डॉक्टरचं नाव काढलं का तुमी चिडत. मंग म्हटलं, उजव्या अंगानं बसून पाहू."

मला एकदम रडू आलं. आम्ही सगळ्यांनी त्या कटकटीची इतकी टिंगल केली होती, आणि तीच कटकट दोन वर्षं गाडी घरी आणत होती.

बाबांनी खिशातून दुसरी चावी काढली. दिवसभर जवळ बाळगली होती, लबाड! ती बशीत ठेवली आणि बशी आईपुढं सरकवली. "पंच, लिहून घ्या. आम्ही आउट."

"मले जितायचं नव्हतं," आई म्हणाली. "चहा प्या, थंडा होऊन राह्यला."

मी पुण्याला परतून महिना झाला. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आईच घेऊन गेली आणि घेऊन आली. आता ते शेजारी बसून शेतातले बगळेसुद्धा बोलून दाखवतात म्हणे. दुसरा डोळा झाला की चावी मागणार आहेत. आईनं सांगितलंय, "देतो ना. आधी रशीद सरांचा क्लास लावा."

परवा आम्ही दोघं बाहेर निघालो होतो. नवरा गाडी चालवत होता, फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलून नुकताच मोकळा झाला होता. मी म्हटलं, "डावीकडे सायकल."

"दिसतंय गं मला. कटकट नको करू."

"दिसतंय ना?" मी म्हटलं. "मग तू बोल, मी गप्प बसते."

त्यानं आता कुठं डावीकडे बघितलं. आणि मग त्यानं वेग कमी केला.