आर्डिथ फॅल्क आणि अंड्यांचे पैसे

आर्डिथ फॅल्कने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या काउंटीतलं कुठलं पोर कुठल्या टपालपेटीपाशी उभं राहायचं, हे तिला अजून तोंडपाठ आहे. पन्नाशीला आलेले बाप्ये आजही ती समोर दिसली की तोंडातलं च्युइंगगम गपकन गिळतात. निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बायका रजया शिवायला बसतात. हिने काय काढलं? तर लोकांचे विसरलेले पैसे शोधायचे!

दर मार्चला पेपरबरोबर राज्य सरकारची एक जाडजूड पुरवणी येते. बारीक टायपात नुसती नावंच नावं. कुणाची विजेची अनामत परत घ्यायची राहिलेली, कुणाचा चेक वटवायचा राहिलेला, कुणाच्या मेलेल्या मावशीचा विमा. मालक सापडेना की हे सगळं सरकारच्या ताब्यात जातं आणि कुणीतरी मागायला येईपर्यंत तिथे पडून राहतं. आम्ही काय करतो? ती पुरवणी टेबलावर अंथरून तिच्यावर बटाटे सोलतो. आर्डिथ मात्र पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत पेन्सिल घेऊन वाचते. लग्न होऊन गेलेल्या मुली, शेत विकून ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन बसलेले म्हातारे, सगळे तिला ठाऊक. मग ती आपली खटारा गाडी काढते आणि दारोदार फिरते.

लोक तिला आनंदाने घरात घेत असतील असं वाटलं ना तुम्हाला? छे! फुकट पैसे देऊ म्हणणारा लबाडच असणार, ही आमच्या लोकांची पक्की समजूत. सरकारचं खरंखुरं पत्र आलं तरी उघडून न बघता केरात टाकणारे आम्ही. वेस टिम्कने तर तिला दारातच अडवलं होतं. मी शेजारच्या अंगणातून ऐकत होते.

"तुझं नाव आहे यादीत, वेस."

"आणि तू किती घेणार?"

"एक कप कॉफी."

"एवढंच? मग नक्कीच टोपी घालतेयस!"

"वेस, तू दुसरीत असताना माझ्या बसमध्ये ओकला होतास. ते मी पुसलं, त्याचे काही घेतले का? मग आता कशाला घेईन? मुकाट्याने सही कर."

केली त्याने सही.

मी मॅक्झिन. कोर्टहाउसात तेवीस वर्षं एका खिडकीमागे बसते आणि जमिनीचे उतारे, लग्नाचे दाखले काढून देते. त्यामुळे आर्डिथची कटकट माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त. हिला अमक्याचा दाखला हवा, तमक्याचा जुना पत्ता हवा, आणि तोही आत्ताच्या आत्ता. मी करवादायची, ती हसायची. पण खरं सांगते, एवढ्या वर्षांत या बाईने कुणाकडून एक नाणं घेतलेलं मी पाहिलं नाही. शहरातून सूटबूट घालून येणारे लोक हेच काम करायचे आणि हातात पडेल त्याचा चौथा हिस्सा कापून घ्यायचे. त्यांना तिने आमच्या काउंटीत पाय रोवू दिले नाहीत.

आता लिओटाची गोष्ट. लिओटा ब्रूनिंग एकोणऐंशी वर्षांची, गावाबाहेरच्या शेतघरात एकटी राहणारी. तिचा नवरा एल्विन जाऊन चार वर्षं झाली होती. त्या वसंतात तिच्या तळघरातली, अख्खं घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. आमच्या नेब्रास्कात भट्टीशिवाय हिवाळा म्हणजे मरणच. नवी बसवायला तिच्यापाशी पैसे नव्हते, आणि ओमाहात राहणाऱ्या भाच्याने सांगून टाकलं होतं, "लिओटा मावशी, पहिला बर्फ पडायच्या आत भट्टी बसली नाही तर मी तुला इथे वृद्धाश्रमात आणून ठेवणार. थंडीने गारठून मेलीस तर लोक मला नावं ठेवतील." लिओटा मला म्हणाली होती, "मॅक्झिन, या घरातून मी आडवीच बाहेर पडणार."

आणि त्याच मार्चच्या यादीत आर्डिथला नाव दिसलं: मिसेस एल्विन ब्रूनिंग.

आर्डिथने जाऊन सांगितल्यावर लिओटाला इतका आनंद झाला की आर्डिथला तिने मिठीच मारली. आर्डिथने राजधानीतल्या ऑफिसला फोन लावला. एका जुन्या बचतखात्याचे पैसे होते. आमची गावातली बँक दोनदा विकली गेली, आणि शेवटच्या मालकांना जुने कागद उपसताना हे खातं सापडलं. व्याज साठून साठून भट्टीचा खर्च सहज निघेल एवढी रक्कम झाली होती. लिओटाने त्याच दिवशी भट्टीवाल्याला बोलावून माप घ्यायला लावलं.

सरकारला पुरावा हवा होता की हीच ती मिसेस एल्विन ब्रूनिंग. आर्डिथ माझ्या खिडकीशी लग्नाचा दाखला मागायला आली. तिच्या हातात राजधानीहून आलेली खात्याच्या कार्डाची नक्कल होती. मी दाखला काढला, शेजारी कार्ड ठेवलं आणि दोन्हींवरची सालं पुन्हा वाचली. लग्न १९६८ सालचं. खातं उघडलेलं १९६६ साली.

"आर्डिथ," मी हळूच म्हटलं, "हे पैसे लिओटाचे नाहीत. हे वेल्डाचे आहेत."

वेल्डा म्हणजे एल्विनची पहिली बायको. त्या काळी आमच्याकडे बाईच्या नावाने काही उघडायचं झालं तर तिचं स्वतःचं नाव कुणी लिहायचंच नाही. मिसेस म्हणायचं आणि पुढे नवऱ्याचं अख्खं नाव टाकायचं. आमच्या आयांची नावं बँकेत, चर्चच्या वहीत, टपालपेटीवर अशीच. त्यामुळे मिसेस एल्विन ब्रूनिंग दोन होऊन गेल्या होत्या आणि दोघीही जिवंत होत्या.

वेल्डा एल्विनला सोडून का गेली, हे आमच्या काउंटीत शेंबडं पोरही सांगेल. शेतावरच्या बाईचे अंड्यांचे पैसे म्हणजे तिची स्वतःची मिळकत. कोंबड्या तिच्या, अंडी तिची, विकून आलेले पैसे तिच्या डब्यात. मका वाळून गेला, गाय मेली तरी शहाणा नवरा त्या डब्याला हात लावत नाही. १९६६ च्या शरदात वेल्डाचा डबा एका सकाळी रिकामा सापडला. घरात माणसं तीन: वेल्डा, एल्विन आणि त्याची म्हातारी आई हुल्डा. हुल्डाला तर त्याच आठवड्यात झटका येऊन तिची वाचा गेली होती. मग उरला कोण? वेल्डा बॅग भरून गेली ती कायमची, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेली की एल्विनने माझे अंड्यांचे पैसे खाल्ले. तेव्हापासून एल्विन म्हणजे बायकोच्या डब्यात हात घालणारा माणूस. धान्याच्या कोठारावर वजन करताना लोक त्याच्यासमोर विनोद करायचे, "एल्विन आलाय रे, डबे सांभाळा!" बिचारा खाली मान घालून निघून जायचा.

मी कार्ड पुन्हा वाचलं. पैसे भरणाऱ्याचं नाव होतं हुल्डा ब्रूनिंग. तारीख होती तिला झटका आला त्या आठवड्यातली. म्हातारीने सुनेच्या डब्यातले पैसे उचलून, सुरक्षित राहावेत म्हणून, सुनेच्याच नावाने बँकेत ठेवले होते. सांगायच्या आत तिची जीभ गेली. पासबुक कुठे गेलं ते देवालाच ठाऊक.

मी कार्ड उलटं ठेवलं. "आर्डिथ, तोंडाला कुलूप लाव. सरकार नाव विचारतंय, साल विचारत नाहीये. लिओटा शेहेचाळीस वर्षं मिसेस एल्विन ब्रूनिंग होती, ते काय खोटं आहे? वेल्डा आपल्या मुलीकडे आरामात आहे. भट्टी नाही बसली तर लिओटा मेली समज."

"मला कळतंय गं."

"मग?"

"मॅक्झिन, मी दारोदार जाऊन लोकांना काय सांगते? तुझे आहेत, तर तुला मिळतील. एकदा तुझे नसलेले तुला दिले, की पुढच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

मी चिडले होते. या बाईला माणसं कळत नाहीत, नुसती यादी कळते, असंही म्हणाले. आज त्याची लाज वाटते.

आर्डिथ तडक लिओटाकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. भट्टीवाला माप घेऊन गेलेला, भाच्याला फोन झालेला, आणि ही दारात उभी राहून सांगतेय की माझी चूक झाली, पैसे तुझे नाहीत! लिओटाने चुलीवरचं कॉफीचं भांडं उतरवलं. मग म्हणाली, "ते कार्ड दाखव." तिने हुल्डाचं नाव बोट फिरवून वाचलं आणि उठून कोट घातला. "चल. मला वेल्डाकडे ने."

मीही गेले. सांगायला लाज कशाला, मला बघायचंच होतं. चाळीस मैल आर्डिथने गाडी हाकली. वेल्डा व्हरांड्यात घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. दोघी बायका आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर आल्या.

"तू कशाला आलीस?" वेल्डाने विचारलं.

"तुझे अंड्यांचे पैसे सापडले," लिओटा म्हणाली आणि कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं.

वेल्डाने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. शेंगांचं पातेलं मांडीवरून घरंगळून खाली गेलं, ते तिने उचललंही नाही.

"त्याने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती," ती म्हणाली. "भर स्वयंपाकघरात. मी म्हटलं, तू तर बायबलवरही थुंकशील."

"तो नाही बोलला कधी मला," लिओटा म्हणाली. "पण शेहेचाळीस वर्षांत खुराड्याकडे फिरकला नाही. मी तापाने फणफणले असले तरी अंडी गोळा करायला शेजारणीला बोलावून आणायचा. मी म्हणायची, बाप्या, कोंबड्या काय तुला खातात? आणि माझा डबा ज्या फळीवर असायचा ना, त्या फळीवरचं मीठसुद्धा मलाच काढून द्यायला सांगायचा."

वेल्डा रडायला लागली. एक्याऐंशीची बाई, तोंड न झाकता, लहान मुलीसारखी. आर्डिथने तिच्या हातात पेन दिलं आणि फॉर्मवर कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. मला वाटलं, काय दगड बाई आहे! मग बघितलं तर ती खाली बसून वेल्डाच्या सांडलेल्या शेंगा एकेक वेचत होती.

सही झाल्यावर लिओटाची भट्टी बंद पडल्याचं माझ्या तोंडून निसटलं. वेल्डाने विचारलं, "भट्टी केवढ्याची?" आर्डिथने निघण्याआधी भट्टीचं काही बोलू नकोस म्हणून मला बजावलं होतं, पण मी आकडाही पटकन सांगून टाकला.

"ती मी बसवणार," वेल्डा म्हणाली.

"मी दुसऱ्या बाईच्या अंड्यांच्या पैशाला हात लावत नाही," लिओटा ताठ मानेने म्हणाली.

"मग नको लावूस. मी भट्टीवाल्याच्या हातात देईन. त्या माणसाची बदनामी मी पन्नास वर्षं गावभर करत फिरले. त्याच्या घरात ऊब तरी ठेवू दे."

भट्टी ऑक्टोबरात बसली. लिओटा अजून त्याच घरात आहे.

पण त्या दिवशी निघताना वेल्डाने आर्डिथचा हात धरून ठेवला होता. "तू दारोदार जातेस ना? मला आता गाडी चालवता येत नाही. मी ज्या ज्या दारात सांगितलं, त्या त्या दारात जाऊन सांग."

आर्डिथ गेली. तो अख्खा हिवाळा, बर्फातून, तिच्या जुन्या बसच्या सगळ्या रस्त्यांवरून. वेस टिम्कने तिला पाहून दार उघडलं आणि विचारलं, "काय गं, पुन्हा माझं नाव?" ती म्हणाली, "नाही वेस. यावर्षी तुझं नाव नाही. पण एल्विन ब्रूनिंगने ते पैसे घेतले नव्हते. वेल्डाने सांगायला सांगितलंय."

माझ्या दारात ती अगदी शेवटी आली. मला तर सगळं माहीत होतं, मी त्या व्हरांड्यात उभी होते. मी म्हटलं, "अगं आर्डिथ, माझ्याकडे कशाला आलीस?"

तिने बुटांवरचा बर्फ झाडला. "'डबे सांभाळा' म्हणून कोठारावर पहिल्यांदा कोण ओरडलं होतं, मॅक्झिन? तू तेव्हा शाळेत होतीस. घरी जाताना बसमध्ये तूच सगळ्यांना हसून सांगत होतीस, मीच ओरडले म्हणून. मी आरशातून बघत होते."

मग तिने मला तेच वाक्य सांगितलं, बाकीच्यांना सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. आणि मी दारात उभी राहून ते पूर्ण ऐकून घेतलं.