बिनफांद्यांच्या पेशी

आमच्या सरांना मेंदूत जिथं तिथं मायक्रोग्लिया दिसायच्या. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूत कायम वस्तीला असलेल्या संरक्षक पेशी. अंग बारीक, चौफेर फांद्या. इजा झाली की फांद्या आखडून त्या गोल होतात. सरांनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं पाठ केलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेजातल्या शिकवण्याच्या नोकरीतून रजा घेऊन मी कोल्हापुरात सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होते. जूनमध्ये रजा संपणार होती, त्याआधी प्रबंध जायला हवा होता. उसावर फवारायचं औषध पाजलेल्या पांढऱ्या उंदरांचा मेंदू, हा विषय. मेंदूच्या पातळ कापांवर मायक्रोग्लियाला चिकटणारं प्रतिपिंड सोडायचं, मग रंग द्यायचा. पेशी तपकिरी होतात. आमच्या कापांवर तपकिरी गोल ठिपकेच ठिपके. फांदी एकही नाही.

"बघा, कशा चवताळल्यात!" सर खूश.

"सर, नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांतही तशाच आहेत."

"भ्यालं असंल की ओ बाई. पकडताना भीत न्हाई व्हय?"

एवढ्या ज्ञानावर त्यांनी फोटोसह परिषदेला निबंध धाडला.

मी काचपट्टीवरच्या एका कापाला प्रतिपिंड न घालताच रंग दिला. खरं तर ही पडताळणी दर वेळी करायची असते. आमच्याकडे 'उगीच काच कशाला वाया घालवायची' म्हणून ती रीतच नव्हती. ठिपके तसेच उठले. म्हणजे त्या मायक्रोग्लिया नव्हत्याच, तांबड्या रक्तपेशी होत्या. हा रंग त्यांना आपोआप चढतो. म्हणून मेंदू काढण्याआधी हृदयातून मिठाचं पाणी सोडून रक्त धुवायचं असतं. सरांनी ते वेळखाऊ म्हणून बंद केलं होतं. दीड वर्ष मी मायक्रोग्लिया समजून रक्त मोजलं.

"ही काच कुणी करायला सांगितली?"

"कुणी नाही."

"मग केलीसा कशाला?"

मी नवे उंदीर घेतले, रक्त धुतलं. ठिपके गेले. फिकट, फांद्यांच्या, खऱ्या पेशी दिसल्या. दोन्ही गटांत सारख्याच. प्रबंधात तसंच लिहिलं.

"फरक न्हाई म्हटल्यावर पदवी कोण देतंय?" सरांनी सही केली नाही. परिषदेत त्यांच्या ठिपक्यांना बक्षीस मिळालं आणि जूनमध्ये मी पदवीविना वर्गावर गेले.

सर निवृत्त झाल्यावर नव्या मार्गदर्शकांनी तोच मजकूर वाचून आठवड्यात सही केली. 'फरक आढळला नाही' या वाक्यावर मला पदवी मिळाली.